घेत होते का?

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोला ती माहीत नाही. ज्या सहकाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर बसून मी बावीस वर्षं बातम्या लिहिल्या, त्यालाही नाही. ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तुम्हाला सांगतोय, असं मात्र समजू नका. तुम्हाला सांगणं सोपं आहे, म्हणून सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही.

मी धुळ्यात एका दैनिकात होतो. आधी वार्ताहर, मग उपसंपादक. काय घडलं ते आधी लिहायचं, का घडलं ते नंतर, असं आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे तो क्रम मला जमत नाहीये. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा माझ्या भावाच्या दुकानात जाऊन थांबलो. तर मग तिथूनच.

मधुकर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. देवपुरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या. तो त्या उघडायचा, जळकी तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वर वार्निश ओतून वाळत ठेवायचा. बोलायला मोकळा माणूस. माझी स्कूटर दारात थांबली की आतूनच ओरडायचा, "या पत्रकार! आज पहिल्या पानावर किती मारले?"

अपघाताच्या आदल्या वर्षी मी अवयवदानावर चार भागांची मालिका लिहिली होती. मेंदू मृत होणं म्हणजे काय, कोणता अवयव किती तास टिकतो, दात्याचं यकृत घ्यायचं की नाही हे डॉक्टर कशावरून ठरवतात. विषय मला दिला गेला होता, मी मागितला नव्हता. पण काम नीट केलं होतं. दादाने चारही भाग वहिनींना मोठ्याने वाचून दाखवले. नंतर मी दुकानात गेलो तेव्हा म्हणाला, "बरं लिहिलंयस. मी मेलो तर माझंही वाटून टाका. फक्त शेडमधल्या मोटारी ज्याच्या त्याला पोचवा, नाहीतर लोक माझ्या पिंडाला कावळा शिवू द्यायचे नाहीत."

आतून वहिनींचा आवाज आला, "काय अभद्र बोलता हो!"

आम्ही दोघं हसलो. एवढंच. पण ते बोलणं तीन माणसांनी ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा. त्याने स्वतः, वहिनींनी आणि मी.

एका सोमवारी सकाळी तो एरंडोलकडे मोटार बसवायला निघाला. पारोळ्याच्या पुढे त्याच्या मोटारसायकलला ट्रकने धडक दिली. त्याला जळगावला एका खासगी रुग्णालयात नेलं. दोन दिवस काही कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टरांनी मेंदूची पहिली तपासणी केली, ठरलेल्या तासांनी दुसरी. मेंदू मृत. छाती मात्र यंत्रावर खालीवर होत होती.

वहिनींनी मला जिन्याजवळ गाठलं. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही लिहिलं होतं, ते हेच ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग ह्यांनी सांगितलं होतं तसं करू."

आणि त्यांनी सही केली. सही करताना त्यांनी एकदाच विचारलं, पूर्ण नाव लिहायचं का. मधुकरचं नाव मध्ये येतं तिथे पेन क्षणभर थांबलं. त्यांचं धैर्य मी तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

दुपारी आमची माय आली. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावाहून, चुलत्यांच्या गाडीने. ती अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर फरशीवरच बसली. दान वगैरे कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तिने माझ्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाली, "मना आंडोर आख्खा उना व्हता, आख्खाच जाई. तू पेपरमा लिखस ना? मंग सांग त्यास्ले."

आंडोर म्हणजे मुलगा. बाकी समजावून सांगायला नको. आख्खा आला होता, आख्खाच जाईल.

आता इथे कायद्याने काही अडत नव्हतं. बायकोची सही झाली होती. आईची हरकत कागदावर कुठेच येत नव्हती, हे मला माहीत होतं, मी ते छापलं होतं. करायचं होतं ते एवढंच — मायशेजारी फरशीवर बसायचं आणि म्हणायचं, माय, दादानेच हे सांगून ठेवलंय. एक वाक्य. त्यावर ती कदाचित मला शिव्या घालती, छाती बडवून घेती. किंवा नसतीही. मी ते वाक्य बोललो नाही. मग उलट, वहिनींपाशी जाऊन सांगायचं, मायला नको आहे, आपण थांबू. तेही बोललो नाही. मला दोघींनाही नाही म्हणायचं नव्हतं. दोघींच्याही नजरेत मला चांगलंच राहायचं होतं. 'नाही' हा शब्द कोणीतरी तिसऱ्याने उच्चारावा, असं वाटत होतं.

त्या तिसऱ्याला मी शोधून काढलं. कसं, ते सांगतो.

चारच्या सुमारास रुग्णालयातल्या अवयवदान समन्वयक बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. तरुण होत्या, आवाज मऊ, समोर छापील अर्ज. वहिनींना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणं त्यांना बरं वाटत नव्हतं, म्हणून मी. तोपर्यंत डॉक्टरांनी एकेक अवयव बाजूला केला होता. मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. हृदय औषधांच्या जोरावर चाललं होतं. चेहऱ्यावर मार होता, त्यामुळे डोळेही गेले. उरलं होतं यकृत — रुग्णालयात सगळे लिव्हरच म्हणत होते. लिव्हरला मार नव्हता. रक्ताच्या तपासण्या मध्यम होत्या. सोनोग्राफीत थोडी चरबी दिसली होती. दुसऱ्या शहरातलं शस्त्रक्रियेचं पथक फोनवर थांबलं होतं, निघायचं की नाही ते ठरवायला.

ती थोडी चरबी कशाची, हा प्रश्न होता. खाण्यापिण्याने येते ती चरबी आणि दारूने येते ती, सोनोग्राफीच्या पडद्यावर सारखीच दिसते. तुकडा काढून तपासायची सोय त्या वेळी तिथे नव्हती. अशा वेळी सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे घरच्यांचं उत्तर. हे मला कसं माहीत? माझ्या मालिकेच्या तिसऱ्या भागात मीच लिहिलं होतं.

बाईंनी विचारायला सुरुवात केली. कावीळ झाली होती का? नाही. मधुमेह? नाही. रोजच्या गोळ्या? नाही. क्षय? नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, आवाज आणखी उतरवला आणि विचारलं, "घेत होते का?"

मराठीत 'घेणे' या क्रियापदाचं कर्म गाळलं की अर्थ एकच उरतो. सभ्य माणसं दारूचं नाव घेत नाहीत, नुसतं 'घेता का' म्हणतात. मी हा शब्द शेकडो वेळा ऐकला होता. दादाच्या बाबतीत कधीच नाही. कारण दादाने आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नव्हता. लग्नाच्या वरातीत मित्रांनी पेला पुढे केला तेव्हा तो म्हणाला होता, "मला मोटारीत भरायचं वार्निश पुरतं." यावरून त्याची थट्टा व्हायची. सगळ्या आळीला माहीत होतं.

मी म्हणालो, "हो."

"रोज?"

"रोज."

"किती वर्षांपासून?"

"बारा-चौदा."

"काय घ्यायचे?"

"देशी."

सगळं मिळून अर्धा मिनिट. तुम्ही म्हणाल, तोंडून निसटलं असेल. नाही. निसटलेल्या शब्दाला वर्षं नसतात. मी आकडा दिला, प्रकार दिला. बातमीत तपशील घातला की ती खरी वाटते, हे मला कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती.

बाईंनी अर्जावर लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरं सांगितलंत, फार बरं झालं. बरेच जण लपवतात हो."

त्यांनी बाहेर जाऊन फोन केला. दहा मिनिटांत परत आल्या. "साहेब नाही म्हणाले. या वेळी धोका नको म्हणाले." आणि माझ्या खांद्याला हात लावला.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य लिहिताना मी थांबलो, खोडलं, पुन्हा लिहिलं. पण वाटलं ते हेच होतं. बाहेर येऊन मी मायला सांगितलं, डॉक्टरच नको म्हणताहेत. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढे जिवंत होती तोवर, दोन वर्षं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हाऊ व्हता म्हनीसन मना आंडोर आख्खा गया." हा होता म्हणून.

वहिनींना मी काही सांगितलं नाही. ते काम डॉक्टरांवर सोडलं. नकाराचं कारण अर्जावरच राहील, असा माझा हिशेब होता. पण कारण विचारणं हा बायकोचा हक्क असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एवढ्या बातम्या लिहिलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही, हे तुम्हाला पटतं का? मलाही पटत नाही. बहुधा ध्यानात येऊ दिलं नाही.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं मन मोठं, पण इतक्या वर्षांच्या सवयीने लिव्हरवर परिणाम होतोच. मी दहा पावलांवर, पाण्याच्या कूलरपाशी उभा होतो. वहिनींनी "कसली सवय?" असं विचारल्याचं मला ऐकू आलं. पुढचं नाही आलं. वहिनी वळल्या आणि माझ्याकडे न बघता यंत्रावरच्या दादाकडे गेल्या. काचेतून बराच वेळ बघत राहिल्या. सकाळी ज्या नजरेने बघत होत्या, ही ती नजर नव्हती.

इथपर्यंत भित्रेपणा होता. पुढचं वेगळं आहे.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वहिनी मागच्या खोलीत दादाचे कपडे काढून ठेवत होत्या. मी निघतो म्हणून सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"ह्यांचं पिण्याचं तुम्हाला माहीत होतं?"

तुम्ही या जागी असता तर? मी स्वतःला हा प्रश्न खूपदा विचारला आहे, आणि त्याचा उपयोग नाही, कारण त्या जागी तुम्ही नव्हता. त्या खोलीत सत्य सांगायला माझ्याकडे सगळं होतं. वेळ होता, एकांत होता. माय गावी गेली होती. दादाची राख तापीत गेली होती. आता कोणाला वाचवायचं नव्हतं. फक्त मला.

मी म्हणालो, "हो."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. "कुठे?"

"दोंडाईच्याला. बाजाराच्या दिवशी मोटारी पोचवायला जायचा ना, तेव्हा. स्टेशनजवळ एक जागा होती."

पाहिलंत? जागासुद्धा दिली. त्या स्टेशनजवळ दादा फक्त भजी खायचा आणि अश्विनीसाठी बांधून आणायचा. अश्विनी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची.

वहिनींनी हातातला शर्ट नाकाशी नेला. हळू म्हणाल्या, "वास यायचा. मला वाटायचं, वार्निशचा असेल. थिनरचा." मग स्वतःशीच हसल्यासारखं केलं. "मी किती येडी हो."

तो वास वार्निशचाच होता. थिनरचाच होता. मी तिथे उभा होतो आणि मला तो दारातून येत होता.

दादा मेला तेव्हा वहिनींकडे पंधरा वर्षांचा संसार शिल्लक होता. आठवणी म्हणून तरी. तो मी त्या दिवशी काढून घेतला. त्यानंतर त्या मागे जाऊन एकेक दिवस तपासू लागल्या. अमुक दिवाळीला उशीर झाला होता, तो का? तमुक वेळी डोळे लाल होते, ते तार झाळण्याच्या धुराने की आणखी कशाने? कधी मलाच विचारायच्या आणि मी "असेल" म्हणायचो. वर्षश्राद्धानंतर दादाचा फोटो पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत गेला, कपाटाच्या बाजूला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायच्या, नेमाने, पण पूर्वी सासऱ्यांसाठी भरताना गुणगुणायच्या तसं काही नाही. काम उरकावं तसं. कुणाशी वाईट बोलल्या नाहीत त्याच्याबद्दल. कधीच नाही. फक्त बोलणं बंद झालं. दुकानात पूर्वी जळक्या मोटारी घेऊन येणारी गिऱ्हाइकं भेटली की म्हणायची, मधूभाऊसारखा माणूस नाही. वहिनी पदर सावरून आत जायच्या.

अश्विनी दहावीला असताना एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. क्लासला सोडत होतो. पांझरेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा तिने मागून विचारलं, "काका, बाबा पिऊन चालवत होते का?"

मी म्हणालो, "त्या दिवशी नाही."

तीन शब्द. रस्ता मोकळा झाला आणि मी गाडी पुढे घेतली. अश्विनी आता नाशिकला नोकरी करते. ती हे वाचेल की नाही, मला माहीत नाही.

आणखी एक माणूस आहे. त्या दिवशी त्या यकृताची वाट बघत कोणीतरी होतं. बाई की पुरुष, कोणत्या गावचं, पुढे दुसरं मिळालं की नाही, मला यातलं काहीच ठाऊक नाही. माझ्या व्यवसायात हे शोधणं अवघड नव्हतं. ओळखी होत्या. दोन फोन लागले असते. मी एकही केला नाही. त्या पथकातल्या डॉक्टरांना खरी माहिती मिळाली असती तर त्यांनी ते यकृत घेतलंच असतं, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रक्त मध्यम होतं, अंतर मोठं होतं. पण ठरवायचं त्यांनी होतं. ठरवलं मी.

दादा गेल्याच्या पुढच्या वर्षी अवयवदान दिनाला संपादकांनी पुन्हा मलाच लेख सांगितला. घरातला अनुभव आहे, म्हणाले. मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं — 'दात्याच्या आरोग्याविषयी कुटुंबीयांनी खरी आणि पूर्ण माहिती देणे अत्यंत आवश्यक आहे.' वर माझं नाव, शेजारी माझा फोटो. मुद्रितशोधनात कुणी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही.

मागच्या उन्हाळ्यात वहिनी अंथरुणाला खिळल्या. कॅन्सर होता, उशिरा कळला. रुग्णालयातून घरी आणलं होतं, देवपुरातच. मी दुपारी जाऊन बसायचो. एका दुपारी अश्विनी औषधं आणायला गेली होती. कूलर चालू होता. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, रागवू नका, एक बोलते."

"बोला."

"पिण्याचं मला आता काही वाटत नाही. माणसं पितात. माझा बापही प्यायचा." श्वास घेण्यासाठी थांबल्या. "पण पंधरा वर्षं शेजारी झोपून एकदाही सांगावंसं वाटलं नाही ह्यांना? मी काय एवढी कजाग होते?"

मी त्यांचा ग्लास भरला.

"तिकडे भेटले ना, तर पहिलं हेच विचारणार आहे. सोडणार नाही." त्या हसल्या. दातांवर ओठ सुकून चिकटले होते. "काय सांगतील हो मग? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "झोपा आता. बोलून दम लागतो."

त्यानंतर नवव्या दिवशी वहिनी गेल्या. त्या नऊ दिवसांत मी पाच वेळा त्यांच्याकडे गेलो. दोन वेळा खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या शुद्धीवर होत्या. त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं.